व्हिशावर शहापूर नव्हतं

—तेच तर सांगते साहेब, गेलेच नाहीत ते पाहुणे शहापूरला! बुऱ्हानपूरच्या बाहेर एक पाऊल टाकलं नाही. आमच्या यांनी जबाबात लिहून दिलंय ना, तसंच्या तसं आहे. तुम्ही दहादा विचारा, मी दहादा हेच सांगीन. — अहो, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा पाय डुगडुगतो. इथं बाकावर बसा. यांना बाहेर बोलावू म्हणता? बोलावून काय फायदा? मागच्या पडवीत बसलेत, भिंतीकडं तोंड करून. खंडव्याहून आधी एक साहेब येऊन गेले, त्यांनी समोर बसून विचार विचार विचारलं — एक शब्द नाही. मला बोलत नाहीत, तुम्हाला काय बोलतील? ताट वाढलं तर जेवतात, नाही वाढलं तर मागत नाहीत. म्हणून म्हटलं मीच सांगते. तुम्हाला मराठी समजते ना? — ग्वाल्हेरचे? हां, मंग समजणारच. आता तुम्ही-आम्ही एकाच राज्यातले झालो म्हणायचं. मी तुकईथडची, शेतकऱ्याची पोर, मला कचेरीतलं काही कळत नाही. पण या घरात काय झालं ते माझ्याएवढं कुणाला ठाऊक नाही. नाव? निर्मला. निर्मला श्रीकांत महाजन. लिहा.

यांचं काम तर तुम्हाला माहीतच आहे — पोलीस कचेरीत बाहेरदेशच्या माणसांची नोंद ठेवायची. कोण आला, कुठं उतरला, मुदत कुठवर, कधी गेला. येतात हो आमच्या गावाला, असं नका समजू! कुणी जामा मशीद बघायला, कुणी जमिनीखालून पाणी कसं आणलं ते बघायला — सगळे विद्वान लोक. एक जर्मन आला होता, त्याला आमच्याकडं केळीच्या पानावर वाढलं, तर तो पानाचाही तुकडा तोडून खायला लागला — हे इतके हसले, इतके हसले! हसायचे हो तेव्हा. आल्याची सही घेतली की त्या माणसाला गाव दाखवायचे, गेल्याची सही घेतली की लालबागच्या ठेसनावर पोचवायला जायचे. कुणी सांगितलं होतं का? बिलकुल नाही. आपली हौस. पण मुदत म्हणजे मुदत, साहेब. त्या जर्मनाला ताप होता, तरी अर्ज लिहून घेतल्याशिवाय एक रात्र जास्तीची राहू दिलं नाही. असा हा माणूस. हा नियम मोडील का? तुम्हीच सांगा.

तर दसरा झाला आणि एक दिवस जो नोंदीला आला त्याला पाहून यांच्या हातातली लेखणी हातातच राहिली. फसीहुद्दीन. कराचीच्या कॉलेजात फारसीचे प्रोफेसर. आता कागदावर पाकिस्तानी — पण कुठला हो बाहेरदेशचा? इथल्या इतवारा मोहल्ल्यात जन्मला, शाळेत यांच्या बाकावर बसला! जामा मशिदीत भिंतीवर अरबी लेख आहे न् तसाच संस्कृतही आहे — पाहिला नाही? पाहून घ्या, आलात तसे — तर शाळकरी असताना दोघं तिथं जायचे, फसीहभाईंनी अरबी वाचायचं, यांनी संस्कृत, आणि मंग एकमेकांना अर्थ सांगत बसायचं, आणि भूक लागली की फसीहभाईंच्या घरी. अम्मां दोघांना एका ताटात वाढायची. यांच्या आईला ते आवडायचं नाही, पण ते जाऊ द्या, ती सासू आता नाही. नोकरी कराचीला लागली तेव्हा कराची काय परदेश होता? भुसावळला गाडी बदलून जावं तसा माणूस गेला. मागून दोन देश झाले न् हा तिकडं राहिला. अम्मां गेली नाही. म्हणाली, माझा मालक इथल्या कबरीत आहे, त्याला कुणाच्या भरवशावर टाकून येऊ? मंग इतकी वर्षं कागद, परवाने, पासपोर्ट — येणं झालं नाही. आता त्या लेखांवर पुस्तक लिहायचं म्हणून इकडच्या कुठल्याशा विद्यापीठानं बोलावलं, तेव्हा कुठं व्हिसा मिळाला. 'श्रीकांत, पुस्तक तो बहाना है,' असं ते इथंच, तुम्ही बसलात तिथं बसून म्हणाले. — हे नका लिहू. बहाना म्हणजे तसा बहाना नव्हे, काम करतच होते ते, रोज मशिदीत जाऊन कागद लावून लावून लेख उतरवत होते.

खोट कुठं झाली सांगते. व्हिशाच्या अर्जात जिथं जायचं त्या गावाचं नाव घालावं लागतं. त्यांनी घातलं बुऱ्हानपूर. आई इतवाऱ्यातच आहे ना, दुसरं काय घालतील? आणि इकडं नवरात्रात अम्मां न्हाणीत पडली, खुबा मोडला, डोळे तर आधीच गेलेले. तिच्या बहिणीचा मुलगा तिला शहापूरला घेऊन गेला. त्यांची केळीची बाग आहे, घरात बाया आहेत करायला. चांगलंच केलं त्यानं, इथं कोण होतं तिचं? पण कळवलेलं फसीहभाईंना पोचलं नाही, ते निघून चुकले होते. व्हिशावर शहापूर नव्हतं. कराचीहून बोटीनं मुंबई, मुंबईहून रेल्वेनं इथं, एवढं सगळं मिळालं माणसाला — आणि शेवटचे पाच कोस मिळेनात. तापी उतरून गाडी धरली तर सकाळी निघालेला माणूस जेवायला शहापुरात असतो, साहेब! बाजाराला जातो आम्ही.

हे म्हणाले, एवढंच ना, अर्ज करू. यांनीच लिहिला, यांनीच खंडव्याला नेऊन दिला, खंडव्याहून नागपूरला गेला. आणि ऐन दिवाळीत तुमचं नवं राज्य आलं. नागपूर गेलं मुंबईकडं, आम्ही आलो भोपाळकडं. आमची पोरं फटाके उडवत होती, हे खंडव्याच्या कचेरीत उभे. तिथले म्हणाले, नागपूरला विचारा. नागपूरनं कळवलं, तुमचे कागद पेट्यांत भरून भोपाळला रवाना केले. भोपाळला तार केली तर तिथून उत्तर, पेट्या अजून उघडल्या नाहीत. कुणाला बोल लावायचा? कुणीच वाईट वागलं नाही हो. सगळे नीट बोलायचे. हे घरी यायचे, पगडी — नाही, टोपी काढून खुंटीला लावायचे आणि फसीहभाई ओट्यावर उभे असायचे, काही विचारायचे नाहीत, नुसते यांच्या तोंडाकडं बघायचे. एकदा म्हणाले, 'एक दोपहर की बात है यार. जाऊँगा, आऊँगा.' हे म्हणाले, 'फसीह, कागद येईस्तोवर नाही. तू सापडलास तर तुला पुन्हा कधी येऊ देणार नाहीत.' खरंच होतं ना ते? त्यांच्या भल्याचंच बोलत होते.

म्हणून मंग हे स्वतः गेले शहापूरला. हिंदुस्थानच्या माणसाला शहापूरला जायला काही लागत नाही ना? रविवारची सुट्टी होती. मी दराबा — आमच्याकडची रव्याची मिठाई — बांधून दिला, अम्मांला आवडायचा. मनात एवढंच, की म्हातारीला सांगावं, तुझा मुलगा आलाय, गावात आहे, कागद आला की येईल. घरातल्यांनी खाटेजवळ नेलं. अम्मां वाळून मुठीएवढी झालेली. कानानंही कमी. हे वाकून मोठ्यानं म्हणाले, 'अम्मां, फसीह आ गया.'

कळलं का साहेब काय झालं ते? यांनी निरोप सांगितला — आणि तिनं यांचा हात धरला. दोन्ही हातांनी. 'आ गया? आ गया मेरा बच्चा?' म्हणून यांचं तोंड चाचपायला लागली, कपाळ, नाक, कान. रडेना, नुसती हसते. तोंडात दात नाही, आणि हसते. हे म्हणत होते, अम्मां, मैं श्रीकांत — पण कुणाला ऐकू जातंय? ती बहिणीची सून दारात उभी होती, तिनं यांना डोळ्यांनी खुणावलं, राहू द्या. तुम्ही काय केलं असतं? हात सोडवून घेतला असता? यांनी नाही सोडवला. संध्याकाळपर्यंत बसले. तिनं विचारलं, तिकडं पाणी कसं आहे, बायको रांधते का नीट, पोरं नमाज पढतात का — हे सगळ्याला हो, हो. दराबा भरवला. घरी आले न् मला सांगता सांगता ओक्साबोक्शी रडले. लग्न झाल्यापासून मी यांना रडताना पाहिलं नव्हतं.

फसीहभाईंपासून लपवायचं नाही असं ठरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवायला आले — रोज इथंच जेवायचे, सरायमध्ये नुसते निजायला — तेव्हा सांगितलं. आधी हसले. मोठ्यानं हसले. मंग घास तसाच ताटात ठेवला. मंग म्हणाले, 'अच्छा हुआ. अच्छा हुआ, श्रीकांत. तू जा रे. दर रविवारी जा. तिला कुणीतरी आल्याचं सुख तरी मिळू दे.' आणि साहेब, त्यांनी यांना शिकवलं! मी तिला कसा हाक मारतो, कराचीचं घर कसं आहे, पोरांची नावं काय, लहानपणी ती कुठलं गाणं म्हणायची. आपल्या अंगावरची शाल काढून दिली — वासानं ओळखते ती, म्हणाले. हे ती शाल पांघरून जायचे. आले की फसीहभाई ओट्यावर वाट बघत. काय म्हणाली? काय खाल्लं? माझ्याबद्दल काय म्हणाली? — आणि हे सांगणार, की 'मला म्हणाली'... असं तोंडात आलं की लगेच 'तुला म्हणाली' असं सुधारायचे. हळूहळू ते विचारेनासे झाले. एकदा भाजीत मीठ कमी होतं की काय, माझ्यावर नाही, यांच्यावर उखडले — 'तुझं काय, तुला तर आई भरवते!' — आणि लगेच उठून यांच्या गळ्यात पडले. मी चुलीपाशी, मला कुठं बघावं कळेना. यांच्याही मनात काय चाललं होतं ते कुणाला सांगू? यांची आई कडक होती, साहेब. मायेनं कधी तोंडावरून हात फिरवला नाही तिनं. हे शनिवारपासून खुलायचे. रविवारी पहाटे मी उठायच्या आत अंघोळ करून तयार. मला ते बघून भीती वाटायची. भीती म्हणजे — जाऊ द्या, तुम्हाला लग्न झाल्यावर कळेल.

कागद आला नाही. मुदत संपत आली, त्रिपुरी पौर्णिमा झाली. अम्मांनी अन्न सोडलं असं कळलं. तेव्हा हे एकदम म्हणाले, 'चल.' फसीहभाई म्हणाले, कुठं? 'ऊठ, चल.' बस. जर्मनाला एक रात्र जास्ती न देणारा माणूस! कौतिकची गाडी सांगितली, कौतिक शहापूरकडचाच, बाजाराला आलेला, परत रिकामाच चालला होता. फसीहभाईंना माझ्या सासऱ्यांचं धोतर दिलं, डोक्याला उपरणं बांधलं. मी भाकरी बांधून दिली. तापीला पाणी गुडघ्याएवढं होतं, फसीहभाई गाडीतून उतरून पाण्यातून चालत गेले म्हणे, पाणी तोंडाला लावलं. पुढं सगळी केळीची बागायत, पानं अंगाला घासतात अशी वाट — ते बोलत होते, सारखे बोलत होते, अम्मांला हे सांगीन, ते सांगीन.

पोचले. खाटेजवळ गेले. त्या माणसानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं, 'अम्मां, मैं फसीह.' तिनं हात लावला. कपाळ, नाक, कान. हात थांबला. मंग हात मागं घेतला न् म्हणाली, 'ये कौन है?' ते म्हणतायत, अम्मां, मैं! तुम्हारा फसीह! — आणि ती घाबरली हो. 'ये कौन आदमी है, इसको हटाओ. मेरा बेटा तो इतवार को आया था. फसीह! फसीह, कहाँ है तू?' अशी हाक मारायला लागली. यांना. हे दारात उभे होते. हलेनात. तिनं पुन्हा हाक मारली, श्वास लागला तिला, आणि मंग फसीहभाईच उठले, यांचा हात धरून खाटेजवळ आणलं, आणि तिच्या हातात दिला. तिनं चाचपला न् शांत झाली. म्हणाली, 'कोई अजनबी आया था, बेटा.' फसीहभाई पायथ्याशी उभे. तिथंच उभे राहिले, निघेपर्यंत. मंग परत निघाले, आणि शहापूरची वेस ओलांडताना कुणीतरी—

काय?

काय बोलले मी?

नाही, नाही साहेब — ते असं झालं असतं, गेले असते तर असं झालं असतं, असं म्हणत होते मी. गेले नाहीत ते. जबाबात आहे ना. ती लेखणी जरा थांबवा. थांबवा ना! तुम्ही मघापासून लिहिताय, मला वाटलं नुसतं नाव-गाव लिहिताय. फाडून टाका ते पान, तुमच्या पाया पडते, माझ्या बापाच्या जागी — नाही, वयानं लहान आहात, पण तरी...

लिहा. लिहाच आता. बोललेलं परत येत नाही. सगळं लिहा मंग, अर्धवट नका लिहू. दुसऱ्या दिवशी हे कचेरीत बसले आणि त्यांच्याकडून गेल्याची सही घेतली. दोघं समोरासमोर, टेबलाच्या अलीकडं-पलीकडं. ठेसनावर पोचवायला गेले. गाडी हलली तेव्हा फसीहभाई खिडकीतून म्हणाले, 'इतवार को जाना. छोड़ना मत उसको.' हे जात राहिले. मार्गशीर्षात म्हातारी गेली, यांचा हात हातात असताना गेली. शहापूरच्या लोकांना सगळं ठाऊक होतं, चांगली माणसं. म्हणाले, महाजनबाबू, पहिली माती तुम्ही द्या. यांनी दिली. आणि त्याच शहापुरातून कुणीतरी वर अर्ज टाकला, की पाकिस्तानी माणूस वेष पालटून बागेत आला होता. कोण ते देव जाणे. यांना घरी बसवलं, चौकशी लावली. तोवर बोलत होते हो हे. जेवायचे, बोलायचे, भांडायचे सुद्धा.

मागच्या महिन्यात फसीहभाईंचं पत्र आलं — तुमच्याच कचेरीत फोडून, वाचून मंग आमच्याकडं आलं, तेव्हा तुम्हाला माहीत असणारच त्यात काय आहे. अम्मां कशी आहे, माझ्या नावानं अजून हसते का, थंडीत माझी शाल तिला पांघरतोस का. त्यांना माहीतच नाही, साहेब! कोण कळवणार? वकील म्हणाले, चौकशी चालू असताना पाकिस्तानात एक ओळ जरी लिहिली तरी बुडालात. अम्मांच्या त्या शहापूरच्या भाच्यानं भीतीनं लिहिलं नाही. मला नाव काढण्यापुरतं लिहिता येतं. हे पत्र हातात घेऊन बसले, आणि तसेच उठून पडवीत गेले ते गेले.

मी म्हणते, तुम्ही कळवाल का? तुम्ही सरकारी माणूस, तुमच्या कागदाला कोण अडवणार आहे? गुन्हा लिहा, शिक्षा लिहा, काय लिहायचं ते लिहा, आणि त्यातच कुठंतरी एक ओळ तिकडं जाऊ द्या, की बाबा, तुझी आई गेली, आता वाट बघू नको. एवढंच. जास्ती काही नाही.

खाली का बघता?

तुमच्या कामात बसत नाही. हां. बरोबर आहे. तुमचं तरी काय चुकलं.

उठा मंग. दुपार झाली, मला यांना अंघोळ घालायचीय. तुमची टोपी राहिली बघा बाकावर. आणि दार ओढून घेताना कडी हळू लावा — आवाज झाला की दचकतात ते.